पाणी कुठं मुरतंय

"…मग दुरुस्त करू, का सगळं बदलूनच टाकू?"

बाबांनी ज्योतीराम वस्तादांना हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिथे होते.

हे मी कोणाला सांगायचं नाही. तसं कोणी बजावलेलं नाही. रात्री आईने फक्त विचारलं, "तू काही ऐकलं नाहीस ना?" आणि उत्तराची वाट न बघता ती भाकऱ्या थापायला लागली. आमच्या घरात बजावणं असंच असतं.

तरी लिहिते.

प्रश्न आमच्या स्विमिंग टँकबद्दल होता. बंगल्याच्या मागे निळ्या टाइल्सचा टँक आहे. बाबांची फाउंड्री आहे. कॉलेजात असताना ते पोहण्याच्या शर्यती जिंकायचे, म्हणून त्यांनी तो हौसेने बांधून घेतला. बाबा त्याला 'पूल' म्हणतात. आम्ही टँक म्हणतो. वस्ताद म्हणतात हौद.

वस्तादांनी बाबांना पोहायला शिकवलं ते गावच्या विहिरीत, कमरेला दोर बांधून. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्या दोराला लटकून पोहायला शिकलेली आहेत. आता ते थकले आहेत, त्यांना दिसतंही कमी. पण गावात ते वस्ताद आहेत, आणि बाबा त्यांच्यासमोर कधी खुर्चीत बसत नाहीत.

त्या दिवशी बसले.

खुर्ची खरं तर वस्तादांसाठी मागवली होती. वस्ताद काठावरच्या फरशीवर मांडी घालून बसले, खुर्ची रिकामी राहिली, आणि बाबा तिच्यात बसले.

"परत्या, तुझं पोट लई सुटलं," वस्ताद म्हणाले. "आता बुडायचं म्हटलंस तरी जमायचं न्हाई तुला."

बाबा हसले. मग एकदम थांबले. त्या काठावर हसायचं नाही, हे त्यांना आठवलं असावं.

कारण महिन्यापूर्वी त्याच टँकमध्ये तनू बुडाली होती.

तनू म्हणजे आमच्या वॉचमनची, केरबाकाकांची मुलगी. बालवाडीत जायची. केरबाकाका आणि सुंदरामावशी टँकच्या खालच्या अंगाला, पंपरूमला लागून असलेल्या खोलीत राहतात. टँकभोवती जाळीचं कुंपण आहे आणि त्याला एक फाटक. त्या दुपारी तनू त्या फाटकातून आत गेली.

बाबांनी पोलिसांना सांगितलं, केरबा फाटक उघडं टाकून गेला. पाहुण्यांना सांगितलं. फाउंड्रीतल्या लोकांनाही सांगितलं. केरबाकाका प्रत्येक वेळी बाजूला उभे असायचे, आणि नुसती मान खाली घालायचे. गावात आता बोललं जातं की बापानेच पोर घालवली.

वस्ताद आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाकाकांचं सामान न्यायला टेम्पो येणार होता. नवा वॉचमन ठरला होता.

"काय काय मोडलंय हौदाचं?" वस्तादांनी विचारलं.

"फिल्टर आवाज करतो. टाइल्स सुटल्यात. तळाची जाळी गंजलीय. आणि पाणी उतरतं. संध्याकाळी भरावं, तर सकाळी पायरी उघडी."

"मग?"

"सांगलीचा इंजिनिअर म्हणतो, फटी भरा, पाइप सांधा, चालेल. पुण्याचा म्हणतो, सगळं फोडा आणि नव्याने करा. मला पुण्याच्या माणसाचं पटतं." बाबा पुढे झुकले. "वस्ताद, फाउंड्रीत भेग पडलेला माल आम्ही सांधत बसत नाही. परत भट्टीत टाकतो."

"समदा?"

"सगळा."

"मग ठरलंय की तुझं. मला कशाला बोलावलंस? नारळ फोडायला?"

बाबा मागे टेकले. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं.

"लोक काहीबाही बोलतात. पूलच वाईट आहे म्हणतात. पाहुणे पोरांना इकडे आणत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की नवं पाणी भरलं की पहिल्यांदा तुम्ही उतरा. तुम्ही एकदा बुडी मारलीत की सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"बुडी मारताना तोंड बंद करावं लागतंय खरं," वस्ताद म्हणाले. "पर ज्यानं त्यानं आपलं."

मला हसू आलं. मी ते दाबलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इरा, वस्तादांना चहा आण."

"बसू दे तिला," वस्ताद म्हणाले. "चहा नगं."

मी बसून राहिले.

पंप थांबलेला होता. पाण्यावर गुलमोहराची बारीक पानं जमली होती. आधी ती रोज काढली जायची. आता पानं काढायच्या जाळीच्या दांड्याला कोणी हात लावत नाही.

"ह्ये कवापासनं ठरवतुयास?" वस्तादांनी विचारलं.

"काय?"

"हेच. दुरुस्त का बदल."

"गेल्या वर्षापासून चाललंय. म्हटलं, एकेक वस्तू करत बसायचं नाही. जे काय करायचं ते एकदमच करू."

"आनि तवर?"

"तोवर काय… चालवून घेतलं."

"फाटकाची कडी?"

बाबांचं बोट वाजायचं थांबलं.

"ती पण त्यातच होती," ते म्हणाले. "सगळ्याबरोबर बदलणार होतो."

"तवर?"

"सुतळी बांधलेली होती."

"कुनी?"

"…केरबाने."

मी माझ्या पायांकडे बघितलं.

कडी मोडल्याचं सांगायला केरबाकाका आले होते, तेव्हा मी मागच्या कट्ट्यावर अभ्यास करत होते. "बघू," बाबा म्हणाले होते, "पूलच दुरुस्तीला काढायचाय. तोवर सुतळी बांध." नंतर काका आणखी एकदा आले होते. सुतळीची गाठ पोरांना सुटते, असं सांगायला. तेव्हा बाबा फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच 'जा' असं केलं होतं.

"केरबानं," वस्ताद हळूच म्हणाले. शब्दाला चव आहे का बघावं, तसे.

मग ते माझ्याकडे बघायला लागले. त्यांना दिसत नाही म्हणतात. पण मला जागेवरून जरा सरकावं लागलं.

"पानी कुठं मुरतंय?" त्यांनी विचारलं.

बाबा ताडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडता पडता राहिली.

"वस्ताद, तुम्हीसुद्धा?"

याचं कारण सांगायला हवं. आठवड्यापूर्वी एक गवंडी टँक बघायला आला होता. त्याने काठावर बसून, तंबाखू मळत, मान हलवत म्हटलं होतं, "साहेब, पानी कुठंतरी मुरतंय हो." बाबांनी त्याला तिथल्या तिथे हाकलून दिलं. तो बिचारा आपली थापी घेऊन जाताना मला विचारत होता, "माझं काय चुकलं, ताई?" तो खरंच पाण्याबद्दल बोलत होता.

"आरं बस, बस," वस्ताद म्हणाले. "हौदाचं इचारलं मी. तुला काय वाटलं?"

बाबा बसले नाहीत.

"तेच तर कोणाला कळत नाही," ते म्हणाले. "जातं जमिनीत कुठेतरी."

"बरं." वस्तादांनी माझ्यापुढे हात केला. "उठीव पोरी. आलोच हाय तर गेलेल्या पोरीच्या आईला भेटून जातो. अजून भेटलो न्हाई."

"आत्ता कशाला?" बाबा म्हणाले. "ते आवराआवर करतायत. उद्या निघणार आहेत."

"म्हनूनच की."

वस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. आम्ही उतारावरून खाली गेलो. बाबा मागून आले. त्यांना यायचं नव्हतं हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं, पण वस्तादांना आपल्याशिवाय तिथे पाठवायची त्यांची हिंमतही नव्हती.

दार उघडंच होतं. केरबाकाका वळकटी बांधत होते. भांडी पोत्यात भरून झाली होती. सुंदरामावशी भिंतीला टेकून बसली होती. वस्तादांना बघून तिने पदर डोक्यावर घेतला.

"या आप्पा."

वस्ताद उंबऱ्यापाशीच खाली बसले. ते काहीच बोलले नाहीत. मावशीही बोलली नाही. भेटायला येणारे सगळे काहीतरी बोलायचे, आणि मावशी 'व्हय, व्हय' म्हणायची. वस्तादांसमोर तिला 'व्हय' म्हणावं लागलं नाही, म्हणून असेल, तिचे खांदे जरा खाली आले.

बाबा दारातून वाकून आत आले. त्या खोलीत ते याआधी कधी आले असतील असं मला वाटत नाही. कुठे उभं राहावं हे न कळून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"साहेब!" मावशी एकदम ओरडली. "तितं पाय नगा ठिवू."

बाबांनी पाय उचलला आणि तसाच हवेत धरला.

खाली फरशी ओली होती. पंपरूमच्या बाजूच्या भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत ओल आली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरातल्या सगळ्या वस्तू तिच्यापासून लांब सरकवून ठेवल्या आहेत. पेटी, शेगडी, पाण्याची घागर. झोपलेल्या मुलाला धक्का लागू नये म्हणून आपण वस्तू सरकवतो, तशा.

"पाणी सांडलंय का?" बाबांनी विचारलं.

"न्हाई," मावशी म्हणाली. "तनीला टाकीतनं काढून आनली, ती हितंच ठिवली हुती. तिचं पानी हाय त्ये."

केरबाकाकांनी वळकटीची दोरी हातात तशीच धरली.

"सुकंना," मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल बोलावं, तसा. "बाकीचं समदं सुकलं. फराक सुकला. दप्तर भिजलं नव्हतंच. ह्येच तेवढं सुकंना. म्हून म्या पुसलं न्हाई. लावलाच तर वरच्यावर हात लावते."

"रातचं तितं हात ठिवून निजती," केरबाकाका म्हणाले. "उद्या चल म्हनतोय, तर येत न्हाई म्हनती. मागनं नवीन मानसं येतील, फडकं मारतील, म्हनती."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

वस्ताद जागेवरूनच पुढे वाकले.

"हात लावू का, लेकी?"

मावशीने होकाराची मान हलवली.

त्यांनी दोन बोटं ओल्या फरशीवर टेकवली. नाकाशी नेली. डोळे मिटले. मग तीच बोटं त्यांनी बाबांपुढे वर केली.

बाबांना वाकावं लागलं.

मला वास घ्यायची गरज नव्हती. रविवारी बाबांच्या टॉवेलला यायचा तोच वास त्या खोलीत होता. आत आल्याआल्याच मला तो आला होता, पण त्याचं नाव तेव्हा सुचलं नव्हतं.

"क्लोरीन," बाबा पुटपुटले.

"तिच्या केसास्नी बी ह्योच वास हुता," मावशी म्हणाली.

बाबा सरळ उभे राहिले. पंपरूमच्या भिंतीकडे त्यांनी बघितलं, खालपासून वरपर्यंत. रंगाचे पोपडे सुटले होते. त्यांचा चेहरा अचानक हलका झाला. फाउंड्रीतला एखादा बिघाड सापडला की घरी येताना त्यांचा चेहरा असा असतो.

"वस्ताद, सापडलं! पंपाच्या मागची लाइन. तीच फुटलीय. पाणी भिंतीतून इथे येतंय." ते भरभर बोलत होते. "आजच्या आज माणूस बोलावतो. तेवढा पाइप बदलला की ही सगळी ओल दोन दिवसांत…"

ते थांबले.

मावशी त्यांच्याकडे बघत होती.

"पायप?" ती म्हणाली.

बाबांनी भिंतीकडे केलेलं बोट खाली घेतलं.

"म्हंजी… ह्ये तिचं न्हाई?"

मी वस्तादांकडे बघितलं. वस्ताद बोटं धोतराला पुसत होते. अगदी सावकाश.

"साहेब," मावशी म्हणाली, "ह्ये तिचं न्हाई?"

बाबा केरबाकाकांकडे वळले. केरबाकाकांनी सवयीने मान खाली घातली. मग बाबा वस्तादांकडे वळले.

"वस्ताद… काय सांगू हिला?"

"खरं का खोटं?"

बाबांनी पुन्हा ओल्या फरशीकडे बघितलं.

"दोन्ही येतंय की तुला," वस्ताद म्हणाले. "कुठलं सांगनार?"

"…खरं."

"मग मधनंच नगं सुरू करूस."

मला वाटलं, बाबा आता चिडतील. त्या गवंड्याला हाकललं तसं काहीतरी करतील. त्यांच्या मानेवरची शीर वर आली होती. बाहेर जायला दोन पावलं पुरली असती. दार त्यांच्या मागेच होतं, आणि त्या दारातून बाहेर पडल्यावर त्यांना कोणीच काही विचारलं नसतं. पाइप बदलला असता. टेम्पो आला असता. फरशी सुकली असती.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या," केरबाकाका घाईने म्हणाले. "साहेबांस्नी नगा तरास दिऊ. झालं त्ये झालं. गाठ म्याच मारली हुती."

"तुला इचारलं का रं मी?" वस्ताद म्हणाले.

बाबांनी बूट काढले. एक हाताने, एक पायाने. मग ते खाली बसले, ओल्या जागेच्या कडेला, मावशीच्या समोर. त्यांना मांडी घालता येत नव्हती. गुडघे वर आले होते.

"सुंदरा," ते म्हणाले. तिला नावाने हाक मारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "पाइपचं सांगतो. पण त्याआधी…"

"साहेब, नगा," केरबाकाका म्हणाले. त्यांच्या हातातून दोरी सुटली आणि वळकटी आपोआप उलगडली. आत तनूची लहान गोधडी होती.

बाबांनी ती बघितली.

"त्याआधी कडी," बाबा म्हणाले. "फाटकाची. ती मोडली, तेव्हा…"

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मी उंबऱ्यावर वाकले. मावशीने पदर डोक्यावरून मागे घेतला, कान मोकळा करायला. आणि बाबा म्हणाले, केरबा मला सांगायला आला होता, दोनदा आला होता, मीच त्याला म्हटलं की…

"पोरी."

वस्तादांची हाक होती. ते उठून दारापर्यंत आले होते.

"चल भाईर. आनि दार वडू नगंस. उघडंच ऱ्हाऊ दे."